पुसलेला शेवट

रोह्याच्या व्हिडिओ लायब्ररीत गाजलेले पिक्चर समोरच्या फळीवर असत आणि ज्यांना कुत्रंही विचारत नसे ते तळाशी, जमिनीलगत. तळातल्यांचं भाडं निम्मं. त्यामुळे नव्वदच्या दशकातली माझी सगळी अभिरुची गुडघ्यांवर बसून घडली. ना नट ओळखीचा, ना नटी. मालक चिडवायचा, "ताई, झोप येत नसंल तर न्या हा." पण त्याच फळीवर मला अशी माणसं भेटली जी गाणं न म्हणता भांडत आणि भांडण न मिटताच जेवायला बसत. आमच्या घरासारखी.

आम्ही नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहायचो. व्हीसीआर शेजारच्या चाचींकडे होता, त्यांच्या नवऱ्याने आखातातून आणलेला. वडील धाटावला कंपनीत. त्यांची पहिली शिफ्ट असली की दुपारी आई आणि मी चाचींकडे जाऊन बसायचो. वडिलांना पिक्चरचं वावडं नव्हतं, आईने नुसतं बसून राहण्याचं होतं.

त्या वर्षी घरात एक विषय आतल्या आत धुमसत होता. पेणला मामांचा गणपतींचा कारखाना. लग्नाआधी आई तिथे मूर्तींचे डोळे आखायची. मामांनी निरोप धाडला होता: आखणीवाल्या म्हाताऱ्याचा हात थरथरायला लागलाय, यंदा चतुर्थीपर्यंत तू ये. वडील म्हणाले, "लोक म्हणतील, बायकोला कामाला लावली." मामांना रविवारच्या आत उत्तर हवं होतं.

त्या आठवड्यात मी तळातून एक कॅसेट उचलली. साध्या गावातली बाई, शिवणकाम शिकवायला शहरात निघालेली. नवरा नको म्हणतो. ती पिशवी मांडीवर घेऊन एसटीत बसते. नवरा धावत येतो, खिडकीशी उभा राहतो. कंडक्टर बेल मारतो. आई पुढे सरकून अगदी टीव्हीला टेकली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. आणि लाइट गेली.

कॅसेट मशीनच्या पोटातच अडकली. आम्ही अंधारलेल्या खोलीत बराच वेळ बसलो. शेवटी वडिलांची यायची वेळ झाली तशी आई उठली. दारात म्हणाली, "उतरली असंल का गो ती?"

"उद्या बघू," मी म्हटलं.

संध्याकाळी लाइट आली. आम्हाला दुसऱ्या दिवसाचं भाडं पडू नये म्हणून चाचींनी कॅसेट बाहेर काढून पुतण्याच्या हाती लायब्ररीत पोचतीही केली. माया अशी कधीकधी नको तिथे धावते.

सकाळी कळल्यावर मी पूल ओलांडून पळतच गेले. लायब्ररीत दोन मशीनं वायरने जोडलेली होती, एकावर लाल दिवा. नव्या हिट पिक्चरला मागणी वाढली की मालक तळातल्या कॅसेटवर त्याची प्रत उतरवायचा. त्या दिवशी आमच्या कॅसेटची पाळी होती.

"थांबवा!" मी ओरडले.

"पुसली सगळी, शेवटासकट."

"शेवट काय होता हो तिचा?"

"मला काय ठाऊक? म्या कुठं बघितलाय?"

मला त्याची दोन्ही मशीनं कुंडलिका नदीत भिरकावून द्यावीशी वाटली. परतताना मी पुलावर रेंगाळले. आईला शेवट सांगायचा होता आणि तो आता माझ्या हातात होता. उतरली म्हटलं असतं तर आई राहिली असती. गेली म्हटलं तर गेली असती, आणि माझ्या बारावीच्या वर्षात वडिलांचा डबा आणि वडिलांचा राग, दोन्ही माझ्या गळ्यात. मला ती जायला हवी होती आणि ती जाईल याची धास्तीही वाटत होती.

आई भाकऱ्या थापत होती. "बघितलास?"

"नाय. पुसला. कुणालाच ठाऊक नाय."

तिचा हात थांबला. मग पुन्हा थापायला लागली. "बरं झालं," एवढंच म्हणाली. मला तिचा राग आला. संपला विषय, असं वाटलं.

रात्री वडील जेवायला बसले. आईने आमटी वाढली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मी रविवारी पेणला जातेय. चतुर्थीपर्यंत."

वडिलांचा घास हातातच राहिला. मी ताटाकडे बघत बसले, मान वर करायची हिंमत होईना.

"मी नको सांगितलं होतं ना?" ते म्हणाले.

"व्हय."

"मग मला विचारतेयस कशाला?"

"विचारत नाय," आई म्हणाली. "सांगतेय."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच शिकवलं होतं. मग त्यांनी भात कालवला आणि ते जेवू लागले. मी घाबरून गेले होते, आणि इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.