दोनदा टोचलेली सुई

तीन जुलै, सकाळी साडेदहा. रक्कम अठराशे रुपये. हजर मी, बायको आणि आई. रत्नागिरीतल्या एका प्रयोगशाळेत बायकोच्या थायरॉईडच्या गाठीत बारीक सुई घालून पेशी काढल्या. मी डॉक्टरांना विचारलं, "ही तपासणी शेकडा किती खरी?"

"पेशी नीट आल्या तर बऱ्यापैकी खरी."

बऱ्यापैकी! मासळीबाजारातसुद्धा इतकं मोघम कोणी बोलत नाही.

चौथ्या दिवशी मी कामावर असताना रिपोर्ट आला. आईने तो शेजारणीकडून वाचून घेतला: निदानासाठी पेशी अपुऱ्या. संध्याकाळी घरी येतो तर आई, गाठ साधी निघू दे म्हणून बोललेला नवस फेडून मोकळी! ग्रामदेवतेला पाच नारळ, देवळातल्या गुरवाने देवीपुढे घातलेलं गाऱ्हाणं, माझ्या गुहागरच्या बहिणीलाही फोन.

"पेशी मिळाल्याच नाहीत. म्हणजे काही नाहीच ना रे?"

"आई, कळशी रिकामी वर आली म्हणून विहीर कोरडी ठरत नाही. दोर कमी पडला असेल."

"तुझ्या तोंडून मेलं बरं काही निघायचं नाही."

डॉक्टरांनी सांगितलं, हे उत्तरच नव्हे, सुई पुन्हा घालायला हवी. बायको अडून बसली. "अहो, देवाचे आभार मानून झाले. आता परत टोचून घेऊ? देवाला काय वाटेल?" ती घाबरली होती, हे मला कळत होतं. तरी मी ओरडलो. तीन आठवडे असेच गेले. जेवायला बसलं की माझी नजर तिच्या मानेवर जाई, आणि ती पदर वर ओढी.

शेवटी मी तिला घेऊन गुरवाकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, नवस जरा घाईत फेडलात, एवढंच. सुई नीट लागू दे, म्हणून परत गाऱ्हाणं घालूया." तिने हात जोडले. दुसऱ्या दिवशी स्वतःहून रिक्षात बसली.

या वेळी सोनोग्राफीत बघत सुई घातली. पेशी पुरेशा आल्या.

"साधी गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक."

"बहुतेक?"

"सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून बघू."

पायऱ्या उतरताना बायको कितीतरी दिवसांनी हसली. "शंभर टक्के हवं असेल तर गुरवालाच विचारा, अहो."

दुसऱ्या तपासणीचे बावीसशे प्रयोगशाळेला दिले. गुरवाला एकशे एक आणि एक नारळ. नव्या नवसाचे पाच नारळ मात्र सहा महिन्यांनी, सोनोग्राफी झाल्यावरच, हे आईकडून वदवून घेतलंय.