शुक्रवारी येणारा माणूस

हार्लो लँडिंगमध्ये घर घेतलं तेव्हा आर्लीन डुशेन एकतीस वर्षांची होती. प्लायवूडचा कारखाना नुकताच बंद पडला होता, अर्धी वस्ती गाद्या गाडीच्या टपावर बांधून दक्षिणेकडे निघून गेली होती, आणि सरोवराच्या काठची घरं मालक येईल त्याच्या गळ्यात मारत होते. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पगारावर तिला दोन मजली घर मिळालं, पुढं व्हरांडा, खिडकीतून सरोवराचं पाणी दिसायचं. आईला घेऊन ती राहायला आली. आई दारातच म्हणाली, "एवढं स्वस्त देतायत म्हणजे एक तर छप्पर गळतंय, नाहीतर इथं कुणीतरी मेलंय."

छप्पर गळत होतं.

सरोवराचा मोठा भाग कॅनडात आणि खालचं शेपूट आमच्याकडे, अमेरिकेत. गावातून उत्तरेला दहा मिनिटं गेलं की सीमेची चौकी लागते. पलीकडं सगळे फ्रेंच बोलतात. अलीकडं आमच्या आज्या बोलायच्या, आणि आर्लीनसारख्या काहीजणी आजीबरोबर वाढल्यामुळं अजून बोलतात.

दुसऱ्या हिवाळ्यात ती पलीकडून चीज घेऊन परत येत होती. दोन चौक्यांच्या मधल्या रस्त्यावर तिची गाडी घसरली आणि चरात जाऊन बसली. मागून बर्फ सारणारा ट्रक आला आणि सीमेच्या दगडापाशी थांबला. ड्रायव्हरनं काच खाली केली.

"बाई, तुमची गाडी अमेरिकेत आहे. माझी हद्द इथवरच. पुढचा बर्फ तुमच्या सरकारचा."

"मग सरकारला बोलवा," आर्लीन म्हणाली. "तोवर मी इथंच गोठते."

तो हसला, फावडं घेऊन खाली उतरला. "ट्रक नेला तर साहेब ओरडेल. फावड्याचं कोण विचारतंय?"

अर्धा तास तो खणत होता. त्याचं नाव रोझेअर लँगलुआ. नगरपालिकेच्या नोकरीवर, घरी अकरा गाई आणि म्हातारी आई. आर्लीननं त्याला चीजची अर्धी पिशवी देऊन टाकली. पुढच्या शुक्रवारी तो गाडी नीट चालतेय ना, हे बघायला आला. चालत होती. तरी तो जेवूनच गेला.

मग तो दर शुक्रवारी यायला लागला. संध्याकाळचं दूध काढून, हात घासूनघासून धुऊन, तरी गोठ्याचा वास थोडासा अंगावर घेऊन. आर्लीन डुकराचा खिमा मैद्याच्या पारीत भरून भाजायची, 'पाय' म्हणतात तो, लवंग जरा जास्तच घालून. जेवण झालं की हॉकीची मॅच. तो माँट्रियलचा, ती बोस्टनची. आईसुद्धा त्या भांडणात उतरायची आणि कुणाच्याच बाजूनं बोलायची नाही. शनिवारी सकाळी, उन्हं वर यायच्या आत, तो परत जायचा. त्या एका पहाटेची धार त्याची बहीण झिनेट काढायची आणि आठवडाभर ऐकवायची.

लग्नाचं बोलणं झालं नाही असं नाही. पुष्कळदा झालं.

"तू ये ना इकडं," तो म्हणायचा.

"आणि आईचं काय? शाळेच्या नोकरीवर विमा आहे माझा. तिच्या औषधांचं कोण बघणार? तूच ये."

"अकरा गाईंना तुमचं सरकार कागदपत्रं देतंय का विचार आधी."

"घर विकते आणि येते, जा."

"काय येईल त्या घराचं? इथं गोठ्याचं दारसुद्धा येणार नाही त्यात."

ते खरंच होतं. स्वस्तात मिळालेलं घर स्वस्तातच गेलं असतं. त्या घरानं आर्लीनला आसरा दिला आणि त्याच घरानं तिला धरून ठेवलं. दोघं म्हणत राहिली, आयांचं झालं की बघू. त्याची आई गेली तेव्हा गाई होत्या. गाई विकल्या तेव्हा तिची आई अंथरुणाला खिळली होती. ती गेली तेव्हा आर्लीनच्या पेन्शनला सहा वर्षं उरली होती आणि त्याच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया व्हायची होती, ती पलीकडं फुकट. असं करत तेहतीस वर्षं गेली. कुणी विचारलंच तर आर्लीन म्हणायची, "माझा मित्र." त्या शब्दाचं तिलाच हसू यायचं, पण दुसरा शब्द नव्हता.

करोनाच्या साथीच्या वर्षी सीमेवरचं फाटक बंद झालं. महिनाभरात उघडेल म्हणाले. जवळजवळ दीड वर्ष उघडलं नाही.

ते रोज संध्याकाळी फोनवर बोलायचे. दुसऱ्या हिवाळ्यात कधीतरी रोझेअरनं तिला एका बोक्याची गोष्ट सांगितली. बोका शेजाऱ्याच्या धुराड्यात अडकला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं तीच गोष्ट सांगितली. त्याच आठवड्यात पुन्हा.

"अरे, किती वेळा काढणार आहेस त्या बोक्याला?" आर्लीन हसून म्हणाली.

पलीकडं जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तोही हसला. "एकटा माणूस बोलणार तरी काय?"

तिला ते पटलं. एकटेपणच असेल. पुढं कित्येक महिने ती स्वतःला विचारत राहिली, की त्या गप्प बसण्यात तिला काहीच कसं ऐकू आलं नाही.

ऑगस्टमध्ये पलीकडचं फाटक उघडलं आणि ती पहिल्याच दिवशी गेली. तो दारात उभा होता. बारीक झाला होता, शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली. त्यानं तिला मिठी मारली आणि सोडेचना. जेवायचं बघू म्हणून तिनं फ्रीज उघडला. आत लोण्याची चौदा पाकिटं होती आणि दुसरं काहीच नाही.

"स्वस्त होतं का लोणी?" तिनं विचारलं.

"संपलं होतं ना," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात तिनं झिनेटला गाठलं. झिनेटला ठाऊक होतं. अर्धवट ठाऊक होतं. "मला वाटलं तुला माहीत असेल," ती म्हणाली. "रोज बोलत होतात ना तुम्ही?" डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. गाडी चालवू नको म्हणून सांगितलं. किल्ल्या झिनेटनं लपवल्या. जादाची किल्ली कुठं असते हे मात्र त्याच्या हातांना अजून आठवत होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये, रस्ते चिखलानं भरलेले असताना, एका मंगळवारी दुपारी शाळेत आर्लीनला चौकीवरून फोन आला. ती मुलांच्या ताटांत बटाटे वाढत होती. तशीच, डोक्याला जाळी बांधलेली, गाडी काढून निघाली.

रोझेअर चौकीतल्या बाकावर बसला होता. अंगावर शुक्रवारचा कोट, मांडीवर लोण्याचं पाकीट.

तरुण अधिकारी तिला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, कुठं चाललात विचारलं तर म्हणाले, घरी. म्हटलं, आजोबा, घर तर तुमचं मागं राहिलं. तर म्हणाले, बायको वाट बघतेय, जेवण गार होईल. बायकोचं नाव विचारलं, ते काही सांगता आलं नाही. पण तुमच्या घराचा रस्ता एकेका वळणासकट सांगितला."

आर्लीननं त्याच्यासमोर जाऊन त्याचा हात धरला. त्यानं वर बघितलं. "किती उशीर केलास," तो म्हणाला. "हे लोक मला जेवायला देत नाहीयेत."

तिनं त्याला घरी आणलं. पाच दिवस ठेवलं. शाळेत सुट्टी टाकली. तो व्हरांड्यात बसायचा, पाण्यावरचा बर्फ फुटताना बघायचा, आणि दर थोड्या वेळानं विचारायचा, "गाई कोण बघतंय?" ती सांगायची, "झिनेट." तेवढ्यानं त्याचं समाधान व्हायचं. आयुष्यात पहिल्यांदा ते दोघं सलग पाच दिवस एका छपराखाली राहिले, आणि आर्लीन सुखात होती. हे तिनं नंतर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना मलाच सांगितलं, जरा लाजून.

सहाव्या दिवशी झिनेट आली. खुर्चीवर बसलीच नाही.

"चल रे, सामान घे."

"राहू दे ना त्याला," आर्लीन म्हणाली. "मी बघते."

"कशानं बघणार आहेस? उद्या पडला, हाड मोडलं, तर इथल्या दवाखान्याचं बिल कोण भरणार? हे घर जाईल तुझं. त्याचा सगळा इलाज तिकडं आहे. इकडं तो कोण आहे? पाहुणा आहे."

"आणि मी कोण आहे?"

झिनेटनं तिच्याकडे बघितलं. वाईट बाई नव्हती ती. "पस्तीस वर्षं तुम्हीच ठरवलं नाहीत," ती म्हणाली, "आता मला काय विचारतेस?"

ते वाक्य आर्लीनला आत कुठंतरी लागलं. दोन आठवड्यांनी ती चांगले कपडे करून पलीकडं गेली. रोझेअरला तोवर सरोवराकाठच्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं. तिनं तिथल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आम्हाला लग्न करायचंय. डॉक्टरीणबाईंनी नोटरीला बोलावलं; तिकडं नोटरीही लग्न लावतात. नोटरी भला माणूस होता. त्यानं रोझेअरशेजारी खुर्ची घेतली आणि सावकाश विचारलं, या कोण आहेत?

"आर्लीन," रोझेअर म्हणाला. आर्लीनच्या जिवात जीव आला.

"आणि लग्न म्हणजे काय, त्यानं काय बदलेल, सांगाल का?"

"लग्न झालंय की आमचं," रोझेअर म्हणाला. "कधीच झालंय. विचारा हिला."

नोटरीनं पेनाचं टोपण लावलं. ज्या माणसाला आपलं लग्न झालंय असं वाटतं, त्याची लग्नाला संमती कशी घेणार? तो आर्लीनची माफी मागत होता. ती म्हणत होती, असू द्या, असू द्या.

शुक्रवारी आता ती जायची. खिम्याचा तोच 'पाय' करून, फडक्यात बांधून. हळूहळू तिचं नाव त्याच्याकडून गेलं. एका शुक्रवारी ती समोर बसली तर त्यानं पाठ ताठ केली, खिशातून काहीतरी काढून पासपोर्टासारखं तिच्यापुढं धरलं. जेवणाची यादी होती ती.

"जाहीर करण्यासारखं काही नाही, साहेब," तो म्हणाला. "थोडं चीज आहे."

आर्लीननं कागद घेतला. "कुठं चाललात?"

"हार्लो लँडिंग."

"किती दिवस?"

त्यानं विचार केला. खूप विचार केला. "हिवाळाभर," तो म्हणाला. "जमलं तर."

तिनं कागद घडी घालून परत दिला. "जा," ती म्हणाली. "सांभाळून जा. रस्ते निसरडे आहेत."

फेब्रुवारीत तो न्यूमोनियानं गेला. झिनेटनं फोन केला, आणि रडून झाल्यावर विचारलं, "पेपरात द्यायचंय. तुझं नाव कसं घालू? जवळची मैत्रीण म्हणून चालेल?"

"तुझ्या मनात येईल ते घाल," आर्लीन म्हणाली.

जमीन गोठलेली असते म्हणून आमच्याकडे हिवाळ्यात गेलेल्या माणसांना पुरण्यासाठी मे महिन्यापर्यंत थांबावं लागतं. रोझेअरही थांबला. मेमध्ये पुरलं तेव्हा सात माणसं होती. थडग्याच्या दगडावर आईबापांची नावं आणि त्याचं. झिनेटची जागा खाली मोकळी. आर्लीन सगळ्यांच्या मागं उभी राहिली. नंतर दोघी गाडीत अंड्याचं सँडविच खात बसल्या, आणि झिनेट म्हणाली, "शुक्रवारी येत जा माझ्याकडं." आर्लीन दोनतीनदा गेलीही. मग झिनेट मुलाकडं दूर राहायला गेली.

आता हार्लो लँडिंग तितकं स्वस्त राहिलेलं नाही. शहरातली माणसं येतात, काठची घरं बघतात, फोटो काढतात. मागच्या शरद ऋतूत आर्लीनच्या शेजारचं घर एका तरुण जोडप्यानं घेतलं. मुलगी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "आजी, एवढ्या घरात तुम्ही एकट्याच राहता?"

"आता एकटी," आर्लीन म्हणाली. "नवरा होता. पलीकडचा."

तिनं तो शब्द याआधी कुणासमोर काढला नव्हता. मुलीला त्याचं काहीच वाटलं नाही. "अरेरे," ती म्हणाली, आणि मग विचारलं, की इथं हिवाळ्यात पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून काय करतात.

आर्लीननं हातातली टोपली खाली ठेवली आणि तळघरातले पाइप कुठून कसे गुंडाळायचे ते दाखवायला ती मुलीबरोबर तिच्या घरात गेली.