मुकादमाच्या पाठीवरचे पाच टाके

माझा थोरला भाऊ शिंपी आहे आणि त्याला उसवलेलं काही बघवत नाही. एकदा घरी आलेल्या पाहुण्याच्या शर्टाची बाही खांद्याशी उसवली होती. दादाने तो शर्ट जेवणाआधी काढायला लावला आणि शिवून परत देईपर्यंत पाहुणा बिचारा बनियनवर जेवला.

घराची पुढची खोली म्हणजे दादाचं दुकान. वहिनी गेल्यापासून मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहतो. मी शाळेच्या कार्यालयात काम करते. नवे कपडे शिवायला दादाकडे आता फारसं कुणी येत नाही. लोक तयार पँट विकत घेतात आणि उंची कमी करायला त्याच्याकडे टाकतात, त्यामुळे जगातल्या सगळ्या किमती तो पँटींत मोजतो. शेगडीची दुरुस्ती बारा पँटी, माझा चष्मा चाळीस. त्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला साडेसातशे पँटी लागणार होत्या आणि त्या आम्ही दोन वर्षांपासून बिस्किटांच्या डब्यात जमवत होतो. माझे वेगळे पैसे बँकेत होते, ते स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी. त्यांना हात लावायचा नाही हे घरात सगळ्यांना, म्हणजे दादाला, पक्कं ठाऊक होतं.

डावा डोळा ठणठणीत आहे, असं तो सांगायचा. तरी रोज सकाळी कामावर निघण्याआधी दहा सुया ओवून टाचण्यांच्या उशीत खोचून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. एका डोळ्याने अंदाज चुकतो, म्हणे. मीही मान डोलवत राहिले.

डब्यातल्या पैशांना पाय फुटले ते मुकादमामुळे. मुकादम म्हणजे आमचा बोका. आमचा म्हणजे काय, आपण होऊन आला, चिंध्यांच्या टोपलीत झोपला आणि उठल्यावर गल्लीचा कारभार बघायला लागला. सकाळ-संध्याकाळ हद्दीवरून फेरी मारायची आणि बेकरीवाल्याच्या पांढऱ्या बोक्याशी भांडण उकरून काढायचं, एवढंच त्याचं काम. भांडणात चावा बसायचा, वरून जखम मिटायची आणि आत पू धरायचा. वर्षभरात अशी तीन गळवं. पहिलं साठ पँटींना पडलं, दुसरं नव्वद. नसबंदी केली तर मारामाऱ्या कमी होतील, असं डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वेळा सांगितलं. दादाचं म्हणणं, त्याने मुकादमाचा गल्लीतला वचक जाईल. आता यावर काय बोलणार?

तिसरं गळू शेपटीच्या मुळाशी आलं, चांगलं लिंबाएवढं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे तर कोंबडीही फुकटची होती. मी दादाला बजावलं की आता डब्याला हात लावायचा नाही, घरीच शेकू. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना टोपलीतला मुकादम आणि डब्यातल्या एकशे चाळीस पँटी दवाखान्यात जाऊन पोचल्या.

संध्याकाळी घरी आले तर मुकादम गुंगीत टोपलीत पडलेला आणि दादा धुसफुसत बसलेला. एवढे पैसे घेतले आणि जखम उघडीच ठेवली, एक टाकासुद्धा घातला नाही, असं अर्धवट काम आपण केलं असतं तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नसतं, असं त्याचं चाललं होतं. डॉक्टर काय म्हणाल्या ते मी विचारलं. जपा म्हणाल्या, कागद दिलाय, एवढंच तो बोलला. कागद त्याच्या खिशात होता आणि माझं दूध उतू चाललं होतं. तो कागद मी तेव्हाच मागून घ्यायला हवा होता.

थोड्या वेळाने त्याने रेशमाच्या दोऱ्याची एक सुई ओवून मागितली. वकिलांच्या कोटाचं अस्तर राहिलं होतं, त्यासाठी असेल म्हणून मी दिली.

सकाळी बघते तर मुकादमाच्या पाठीवर पाच टाके. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सुई उकळून घेतली होती, असं दादा वर मलाच समजावत होता. जखमेतून एक जाडसर दोरा लोंबत होता, तोही कात्रीने साफ केला, म्हणे. मी त्याला वाट्टेल ते बोलले. पण खोटं कशाला सांगू, टाके इतके सुबक, इतके एकसारखे होते की मनात म्हटलं, झालं ते बरंच झालं असेल.

बरं कसलं? चौथ्या दिवशी तिथे पहिल्यापेक्षा मोठी गाठ आली. अंग तव्यासारखं तापलं आणि मुकादम पाण्यालाही तोंड लावेना. शनिवारी शाळा अर्धा दिवस होती, तेव्हा या वेळी मी बरोबर गेले. पिशवीत उरलेला डबा अख्खा घेतला होता.

डॉक्टरांनी शेपटी वर केली आणि थांबल्या. हे टाके कोणी घातले, असं त्यांनी विचारलं.

"मी," दादा म्हणाला. "तुमच्याकडून राहून गेले होते."

राग येऊ न देता त्यांनी समजावलं, की गळू कापल्यावर मुद्दाम उघडं ठेवतात, म्हणजे घाण बाहेर पडते आणि जखम आतून भरत येते. वरून शिवलं की आत सडतं. कागदावर सगळं लिहून दिलं होतं. मग त्या मुकादमाला आत घेऊन गेल्या.

अर्ध्या तासाने त्या एक स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रेच्या एका कोपऱ्यात रबराच्या नळीचा बोटभर तुकडा होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात कापसाचा बोळा. पू वाहून जावा म्हणून जखमेत बसवलेली ती नळी. दादाने दोरा समजून कापला तो तिचाच शेंडा, आणि बाकीची नळी त्याने आत शिवून टाकली होती.

"काका, एवढी नळी तुम्हाला दिसली नाही?"

दादा ट्रेवर वाकला. "दिसतेय ना, ही काय," म्हणाला आणि त्याने कापसाच्या बोळ्यावर बोट ठेवलं.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या परत आत गेल्या. आम्ही दोघं बाकावर बसलो.

"डाव्याने किती दिसतं?" मी विचारलं.

"उजेड दिसतो. माणूस आलं की कळतं. कोण ते आवाजावरून."

"कधीपासून?"

"दुसऱ्या गळवाच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू मुकादमाला नाही म्हणाली असतीस."

म्हणालेच असते. क्षणाचाही विचार केला नसता. ते त्याला माहीत होतं, याचा मला राग आला आणि रागाच्या मागोमाग रडू आलं. इतके महिने माझा भाऊ लोकांच्या पँटी बोटांनी चाचपून शिवत होता आणि मी रोज सकाळी दहा सुया ओवून देऊन वर उपकार केल्यासारखी निघून जात होते. वचकाचं काय व्हायचं ते होवो, म्हणून मुकादमाची नसबंदी मी तिथल्या तिथे ठरवून टाकली. त्याला बरं वाटलं की लगेच. त्या दिवशी डबा तळापर्यंत रिकामा झाला.

सोमवारी रजा टाकली, बँकेतून ओटा काढला आणि डोळ्यांच्या दवाखान्यात दोन तारखा घेतल्या, आधी उजवा आणि महिन्याने डावा. परत येताना दादा दीड हजार पँटी किती दिवसांत होतील त्याचा हिशोब मला ऐकवायला लागला. मी त्याला गप्प बसवलं.

आता सुया मी दहाच्या जागी बारा ओवते, पण रेशमाचं रीळ फळीवरून काढून घड्याळाशेजारच्या खिळ्याला अडकवलंय. गळ्यात प्लास्टिकचा कोन घालून मुकादम टोपलीत बसलेला असतो आणि दादा फळी चाचपत रोज विचारतो, रीळ कुठे ठेवलंस. मी म्हणते, समोरच आहे, दिसायला लागलं की घे.