जुन्या बाटलीतलं क्लोरोफॉर्म

माझ्या पीएच.डी.च्या गाइडवर मी सूड उगवला तो गप्प बसून, आणि त्याची लाज मला आजही वाटत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. विद्यापीठाची मान्यता असलेली आमची रसायनशास्त्राची लॅब ठाण्यातल्या एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर होती. तिथे मी चार वर्षं रेणूचं बटण बनवत होते. म्हणजे असा रेणू, जो दिव्याच्या प्रकाशात वाकतो आणि अंधारात ठेवला की पुन्हा सरळ होतो. डोळ्यांना दिसायचं ते एवढंच, की पिवळा द्राव नारिंगी झाला आणि परत पिवळा झाला. माझे वडील डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते. आमचा जन्म रंग पक्का करण्यात गेला आणि ही पोरगी तो उडवायला शिकतेय, असं ते शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत. माझं नाव छापून येण्याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त घाई होती.

असले बाकीचे रेणू परत यायला अख्खा दिवस घेत. माझा दोन मिनिटांत यायचा. सर खूश झाले, पेपर लिहायला बसले.

त्याच सुमारास क्लोरोफॉर्मची बाटली संपत आली. मी नवी उघडली, तर तोच रेणू संध्याकाळपर्यंत नारिंगीच. मी रडकुंडीला आले. घरी सांगितल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, की जुनी बाटली कुठे ठेवली होतीस. कारखान्यात माल बिघडला की ते आधी पिंपाकडे बघत. बाटली वर्षभर अर्धी, खिडकीशी उन्हात होती. दुसऱ्या दिवशी तिच्या तळाचे चार थेंब नव्यात टाकले, आणि दोन मिनिटांत पिवळं. ओला निळा लिटमस लावला तर लाल झाला. उन्हाने क्लोरोफॉर्म बिघडून त्यात आम्ल झालं होतं, आणि तेच रेणूला परत ढकलत होतं. माझ्या बटणात विशेष काही नव्हतंच.

सर त्या दिवशी नौपाड्यात घरी होते. त्यांना हे सांगायला मी तशीच निघाले. वाटेत टायपिस्टबाईंकडे डोकावले, माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यांच्याकडे होतं. मशीनवर आमचाच पेपर चढला होता. शीर्षकाखाली सरांचं नाव, शेजारी त्यांच्या जावयाचं, जो आमच्या लॅबचा जिनाही कधी चढला नव्हता. मी शेवटी, आभारांत, तीही नावाशिवाय: एक विद्यार्थिनी. बाई माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. मी चहा प्यायले आणि सरांच्या घराकडे न वळता स्टेशनवर गेले.

पेपर छापून आला. घरी मी नाव छापून यायला अजून वेळ आहे असंच सांगत राहिले.

मग पाहुण्या प्राध्यापकांची कमिटी आली. त्यांना रेणू आवडला तर सरांना मोठा प्रकल्प मिळणार होता, म्हणून सरांनी प्रयोग स्वतः करून दाखवायचं ठरवलं. नवी कोरी बाटली त्यांनीच फोडली. दिवा लावला, पिवळ्याचं नारिंगी झालं. दिवा बंद केला. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. कमिटीतल्या एकाने घड्याळाकडे पाहिलं. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

सर माझ्याकडे वळले. "अगं, हे परत का येत नाहीये?"

"मला कसं कळणार, सर? पेपर तुमचा आहे."

प्रकल्प गेला. शेरास सव्वाशेर, असं मनाशी घोकत मी महिनाभर मजेत होते.

पण सर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. बाटलीचं कोडं त्यांनाही उलगडलं. सहा महिन्यांनी त्याच मासिकात दुरुस्ती आली: ही मोजमापं एका विद्यार्थिनीने केली होती, चूक तिच्या निष्काळजीपणाची. खाली माझं नाव, वडिलांच्या नावासकट, एक अक्षर न चुकता.

तो अंक घरी टेबलावर राहिला आणि वडिलांच्या हाती लागला. इंग्रजी मजकूर त्यांना कळत नव्हता, पण दोन्ही नावं वाचता आली. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत ते अंक घेऊन बिल्डिंगमध्ये सगळ्यांना दाखवून आले होते. मी पेढे आणायला गेले.

माझी चार वर्षं मी सरांना एक वेळ माफ करीन. ते पेढे कधीच नाही.