बायच्या कॅलेंडरातला क्रूस

बारा मार्चला मी एका जिवंत माणसाला मारलं. त्याच महिन्याच्या एकवीस तारखेला त्याच्या मेलेल्या भावाला केक दिला. दोन्ही गोष्टी चार रंगांत, गुळगुळीत कागदावर, एक्केचाळीस प्रती.

गिरगावात माझं छपाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक मशीन आणि लग्नपत्रिकांच्या नमुन्यांनी भरलेली भिंत. पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या जागी त्याच्या काकाचं नाव छापणं, डॉक्टरच्या पाटीवर त्याच्या वेळेऐवजी शेजारच्या वाण्याची वेळ टाकणं, असे पराक्रम माझ्या नावावर आधीपासून होते. पण माणूस मारायची ती पहिलीच वेळ.

दुकानामागच्या वाडीत बाय राहायची. सगळी वाडी तिला बायच म्हणायची आणि सगळी वाडी तिला अरे-तुरे करायची. फोर्टातल्या एका ऑफिसातून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही. अकरा भावंडांत सगळ्यात थोरली, त्यामुळे लहानपणीच दहा पोरं वाढवून झाली होती. तुम्ही तिला नुसतं "काल" म्हणालात, तरी ती चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "काल म्हणजे किती? तारीख बघून बोल."

चार भावंडं गेली. उरलेली सहा, त्यांची मुलं, मुलांची मुलं मेलबर्न, टोरांटो, दुबई, वसई अशी पसरली. त्या सगळ्या गोतावळ्याचं वर्ष बाय एकटी चालवायची. कसं, ते सांगतो.

दोन नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस. त्या दिवशी ती शिवडीच्या कबरस्तानात जायची, आईवडिलांच्या आणि भावंडांच्या कबरी धुवायची, फुलं वाहायची, मेणबत्त्या लावायची आणि घरी न जाता थेट माझ्या दुकानात यायची. बोटांना मेण, चपलांना लाल माती.

"चल प्रेसवाल्या, लिही."

मग जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सगळं घराणं ती तोंडपाठ सांगायची. वाढदिवसाला केकचं चित्र. लग्नाच्या तारखेला दोन घंटा. कोणी गेलं की त्याचा केक काढून टाकायचा आणि गेला त्या तारखेला काळा क्रूस. हातात एकही कागद नसायचा. पुढे छापलेला नमुना मात्र ती एक-एक ओळ लाकडी पट्टीखाली धरून तपासायची. पट्टी खाली सरकली की समजायचं, तेवढे नातेवाईक पास झाले. एक्केचाळीसपैकी एक कॅलेंडर तिच्या भिंतीवर लागायचं, बाकीची चाळीस चाळीस घरी पोस्टानं जायची, नाताळच्या आधी.

मे महिन्यात अंगणात मिरच्या आणि पंचवीस जिन्नस वाळत पडायचे. मसाला कुटून बिअरच्या बाटल्यांत दाबून भरला जायचा आणि बाटल्यांवर माझ्याकडून छापून घेतलेली लेबलं लागायची : दुबई, टोरांटो, मेलबर्न. न्यायला येणार कोण? ऑगस्ट उजाडला की त्या बाटल्या वाडीत वाटल्या जायच्या. आमच्याकडच्या बांगड्याला कित्येक वर्षं टोरांटोचाच मसाला आहे.

आणि ज्याची त्याची तारीख आली की बाय त्याला फोन करायची. कधी उचलला जायचा, बऱ्याचदा नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या मोबाइलवर एक पिवळा अंगठा यायचा. तो अंगठा ती मला आणून दाखवायची. "हे काय आहे रे? पोचलं म्हणून की पुरे म्हणून?"

मी म्हणायचो, "पोचलं म्हणून, बाय." एवढं खोटं छापखान्यात चालतं.

तर त्या मार्चच्या आधीच्या नोव्हेंबरात तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून तिनं सगळं सांगितलं आणि नमुना तपासायला पट्टी काढली. मी मोठ्या मनानं पट्टी तिच्या हातातून काढून घेतली. "बाय, मी आहे ना. डोळ्यांना त्रास नको." नंतर क्रिकेटचा स्कोअर बघता बघता मी दोन भावांची चित्रं, एकाचा केक आणि दुसऱ्याचा क्रूस, एकमेकांच्या जागी चिकटवली.

बारा मार्चला दुपारी मी काही कामानं वाडीत गेलो, तर बाय ठेवणीतला फ्रॉक घालून दारातच खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर मोबाइल.

"कोणाची वाट बघतेस?"

"मेलबर्नच्या भावाचा वाढदिवस आहे. तू त्याला मारलास ना, म्हणून त्याच्या फोनची वाट बघत्येय."

मागे भिंतीवर माझं कॅलेंडर होतं. मी ते पाहिलं. बारा तारखेला त्याच्या नावापुढे केकऐवजी क्रूस होता. पुन्हा छापतो, माफीची चिठ्ठी जोडतो, माझ्या खर्चानं पाठवतो, असं मी काय काय बरळलो.

"गप बस. तू गठ्ठा आणून दिलास त्या दिवशीच मी बघितलं होतं. डोळा कापला होता, डोकं नाही."

"मग पाठवलंस कशाला?"

"बघूया म्हटलं, कोण बघतो."

डिसेंबरपासून मार्चपर्यंत एक्केचाळीस भिंतींवर एक धडधाकट माणूस मेला होता आणि एकानंही विचारलं नव्हतं. त्याचा स्वतःचाही फोन त्या दिवशी आला नाही. तिनंच संध्याकाळी लावला. घंटा वाजत राहिली. मी समोरच स्टुलावर बसलो होतो.

फोन आला तो आठवड्यानं. मेलबर्नच्या सुनेनं स्वयंपाकघरात भिंतीला रंग द्यायचा म्हणून कॅलेंडर उतरवलं, तेव्हा तिला सासऱ्यापुढचा क्रूस दिसला. म्हातारा बाणकोटापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "बाय! मला मारलंस?" आधी भांडला, मग हसला, मग पाऊण तास बोलला. मग त्यानं इतर सगळ्यांना फोन करून आपण जिवंत असल्याचं कळवलं. लोकांनी कपाटांमागून, खणांतून कॅलेंडरं शोधून काढली आणि बायला फोन लावले. चार दिवस तिचा फोन लागेना.

पाचव्या दिवशी ती दुकानात आली. काउंटरवर दोन फुगे ठेवले. फुगे म्हणजे ते तळलेले गोल पाव, हवेचे नव्हेत. म्हणाली, "वीस वर्षं बरोबर छापलं, कोणी विचारलं नाही."

पुढच्या दोन नोव्हेंबरला मेणाची बोटं टेबलावर ठेवून तिनं विचारलं, "या खेपेला काय चुकायचं?"

चुका करण्यात माझा हात धरणारा गिरगावात कोणी नाही, पण ठरवून चूक करणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. त्या वर्षी आम्ही टोरांटोच्या ब्रह्मचारी भावापुढे लग्नाच्या घंटा वाजवल्या. त्याच्या पुढल्या वर्षी वसईच्या भाचीला तीस फेब्रुवारीला जन्माला घातलं. बाय पट्टी फिरवून चूक नीट चुकली आहे ना, हे तपासायची. नाताळच्या आधी फोन सुरू व्हायचे, "सापडली, बाय, सापडली!" जानेवारीत पुन्हा सगळं गप्प व्हायचं. चूक एकदाच सापडते, त्याला ती तरी काय करणार.

गेल्या नोव्हेंबरात ती आली, तेव्हा खुर्चीत बसायला वेळ लागला. सगळं वर्ष सांगून झाल्यावर म्हणाली, "आठ सप्टेंबर. मेरीमातेचा जन्मदिवस, माझा पण. माझा केक काढ. क्रूस टाक."

"बाय, काहीतरी अभद्र बोलू नकोस."

"अभद्र तुमच्यात. आमच्यात दरवर्षी राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावून सांगतो, तू माती आहेस. घाबरायचं काय त्यात?" मग पट्टीशी चाळा करत म्हणाली, "फोन पुष्कळ झाले रे. माझ्यापुढे क्रूस बघून एखादा तरी उठून येईल."

मी क्रूस टाकला. चांगला ठसठशीत टाकला, लगेच दिसावा म्हणून.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाववाला सकाळी सांगत आला की बाय दार उघडत नाही. आम्ही चौघांनी मिळून दार उघडलं. ती पलंगावर शांत पडली होती. स्वयंपाकघरात नाताळात तळायच्या गोड कुलकुलांसाठी मळलेला पिठाचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकलेला होता. एका माणसाला लागेल त्याच्या दहापट.

फादर आले. शेजारणी आल्या. वसईच्या भाचीला कळवलं, ती निघाली. मोबाइल कोणीतरी माझ्या हातात दिला होता, बाहेरगावचे नंबर शोध म्हणून. तेवढ्यात तो हातातच वाजला.

"सापडली!" मेलबर्नचा भाऊ हसत होता. "आठ सप्टेंबर! बाय, स्वतःलाच मारलंस काय गं?"

मी माझं नाव सांगितलं. मग जे सांगायचं ते सांगितलं. त्याला ते चूक सापडल्याचंच उत्तर वाटलं असावं, कारण तो आणखी थोडा हसला. मग थांबला. म्हणाला, "फादरला सांग, थांबा. मी येतो."

दोन दिवस थांबले सगळे. शिवडीला आम्ही वाडीतले वीसेक जण होतो, वसईची भाची होती, आणि विमानातून थेट आलेला तो उंच म्हातारा, कोटाच्या खिशात गुंडाळी केलेलं कॅलेंडर. गोतावळ्यातले दोघं आले होते. एखादा म्हणाली होती ती. एक जास्तच झाला.

माती टाकून झाल्यावर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तो प्रेसवाला तूच ना?"

"हो."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खिशातलं कॅलेंडर काढून माझ्या छातीवर हलकेच आपटलं.

"मला मारलंस, तर मी जगलो. हिला मारलंस, तर ही मेली. मेल्या, तुला एक चूकसुद्धा धड करता येत नाही."