तीर्थन खोऱ्यात कुणीतरी अडवलं

आमचं घर बौद्ध. भूत, देवऋषी, उतारा हे सगळं आजोबांनीच उंबऱ्याबाहेर काढलं, त्यामुळं मीही कधी मानलं नाही. तरी हे लिहितोय... हसायचं त्यानं हसावं.

मी इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याचा. नववीतून शाळा सोडली. सध्या हिमाचलात तीर्थन खोऱ्यातल्या नॅशनल पार्कमध्ये ट्रेकिंगवाल्यांकडं कामाला आहे. स्वयंपाक करायचा, आणि चालताना सगळ्यात मागं राहायचं. मागं पडलेलं माणूस सुखरूप आणायची जबाबदारी माझी.

त्या दिवशी मागं पडले कोलकात्याचे घोषबाबू. साठी उलटलेली, गुडघा दुखरा. दुपारी खिंडीतून उतरताना धुकं आलं. पुढची माणसं दिसेनात, मग पायवाटही दिसेना. शिट्टी मारली, उत्तर नाही. घोषबाबू सारखे विचारत होते, रास्ता मालूम है ना? मी हो म्हणत होतो... मालूम काहीच नव्हतं.

तेवढ्यात ओढा लागला. आमच्याकडं उसात वाट चुकली की पाण्याचा पाट धरायचा — कडेकडेनं चालत राहिलं की रस्ता लागतोच. मी तेच केलं. त्यांचा हात धरून ओढ्याच्या कडेनं उतरायला लागलो. सपाट रानातली अक्कल डोंगरात चालवत होतो, पण तेव्हा कुठं कळत होतं!

आणि मागून आवाज आला. अगदी जवळून. म्हाताऱ्या माणसाचा, वैतागलेला.

"आरं ए शाण्या, म्होरं पाट फुटलाय. हितंच बस."

तुकडीत मराठी बोलणारा मी एकटा. "कोण हाय?" म्हणत वळलो, तर मागं नुसतं धुकं. पण बोलण्यात जरबच अशी होती, की मी मटकन खाली बसलो. घोषबाबूंनाही ओढून बसवलं.

बऱ्याच वेळानं धुकं विरलं. दोन-चार पावलांवर ओढा कड्यावरून सरळ खाली गेला होता. धार बारीक, म्हणून आवाजही कळला नव्हता. खाली देवदारांचे शेंडे दिसत होते...

घोषबाबूंनी मान पुढं करून कड्याखाली बघितलं. मग हळूच म्हणाले, "वो बुड्ढा कौन था? तुमको डाँट रहा था।"

"हमारे गाँव की तरफ का था," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

तो कोण, तिथं कसा, आजही मला सांगता येत नाही. घोषबाबूंच्या मिसेसचा अधूनमधून फोन येतो. माझ्या माणसाला परत आणलंस म्हणून माझे आभार मानतात. मी नुसतं ऐकून घेतो.