सर्व्हरच्या दाराबाहेरच्या चपला

ती घूंऽऽ अजून कानात आहे. म्हसवडकडचा मी, सांगलीजवळच्या दूध संघात शिपाई लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी ऐकली. मधमाश्यांचं पोळं घोंगावतं तशी.

"काय वाजतंय हे?" मी विचारलं.

"सर्व्हर हाय, तात्या," मगदूमसाहेब म्हणाले. "समद्या गावांच्या दुधाचा हिशेब ह्यात. हे वाजायचं थांबलं, की आपली बोंब सुरू!"

साहेब सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर. मी त्यांच्या दारात, स्टुलावर. आता हिशेब ‘क्लाउड’वर गेला आणि साहेब शिरवळच्या कंपनीत. मी रिटायर होऊनही राखणीला इथंच. किस्से मात्र पाहुण्यांसारखे येतात. एकाला चहा द्यावा, तर दुसरा दारात उभा.

*

आत धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या, हा साहेबांचा नियम. ती चपलांची रांग पाहून गावाकडची एक म्हातारी पदर सावरून आत शिरली. सर्व्हरला हात जोडले.

"कुठला द्येव म्हनायचा ह्यो?"

साहेब म्हणाले, "कोपला की कळतंय, आजी!"

*

गेटवरचे सुभेदारकाका मिलिटरीतून आलेले. त्यांना गेटच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड देताना साहेबांनी बजावलं, कुणालाही सांगायचा नाही. थोड्या दिवसांनी कॉम्प्युटर अडला. साहेबांनी पासवर्ड विचारला.

"गोळी घातली तरी सांगनार न्हाई!"

"आवं काका, मीच दिलाय की तुमाला!"

"मग तुमाला म्हाईत असंलच की!"

*

उन्हाळ्यात सर्व्हरच्या एसीवर सगळ्यांचा डोळा. एकदा डिस्पॅचच्या भोसल्यांनी सर्व्हरमागं लग्नाचे हार लपवले.

"एवढं शीतगृह सोडून हितं?" साहेब ओरडले.

"तिथं हाराला दुधाचा वास लागतोय, सायेब. पोरीचं लगीन हाय."

साहेब निवळले. "असू देत. पर पानी शिंपडलंत, तर वऱ्हाडाला चहा बिनदुधाचा!"

*

साहेब जैन. सूर्य मावळायच्या आत जेवायचे. एकदा नेमकी त्याच वेळी घूंऽऽ थांबली. टँकर खोळंबले. मॅनेजर धावत आले, तर साहेब डबा सोडतायत.

"अहो मगदूम, सर्व्हर थांबलाय!"

"तो थांबलाय न्हवं? सूर्य थांबायचा न्हाई!"

आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "बसा, तात्या. दोन घास खाऊ, मग बघू."

सर्व्हर सुरू झाला. पण दिवस कलायला लागला की मला अजून ती भाकरी आठवते.

*

सर्व्हर बंद केला त्या दिवशी मी विचारलं, "सायेब, परत येनार न्हवं?"

"यंत्रच न्हाई, तर मला कोन ठेवतंय? पर चहाला येईन, तात्या."

गेल्या महिन्यात खरंच आले. मी पळत जाऊन दोन चहा आणले. खोलीत आता रिकामे कॅन. बोटभर धूळ. तरी साहेबांनी दारात बूट काढले आणि आत जाऊन सर्व्हरच्या जागेपुढं उभे राहिले.

चहा निवत चालला. मग मी स्टुलावर बसल्या बसल्या तोंडानंच हळू आवाज काढला, "घूंऽऽ..."

साहेबांनी वळून पाहिलं. माझ्या हातातला कप घेतला, उभ्यानंच चहा संपवला, आणि बूट हातात घेऊन अनवाणीच गेटकडं चालत गेले.